डबा आणि बबून

सकाळपासून लसणाची चटणी कुटतेय, पण जीव थाऱ्यावर नाही. इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्सच्या आमच्या घरात खिडक्या उघडूनही वास जात नाहीये. माझी लेक इरा उद्या वर्षभरासाठी केनियाला शिकवायला निघालीये, एकटीच.

हाच वास त्या जीपमध्ये होता. इरा तेव्हा सहा वर्षांची. सुट्टीत आम्ही केनियातल्याच एका गावातल्या शाळेत शिकवलं आणि शेवटी सफारीला गेलो. सफारीलाही मी दशम्या-चटणीचा डबा घेतलाच. इराने तो मांडीवर उघडला, आणि उघड्या खिडकीतून एक थोराड बबून माकड थेट आत! नवरा ओरडला, "इरा, सोड तो डबा!" ती थरथरत होती, तरी दोन्ही हातांनी डबा छातीशी धरून बसली, कारण मी बजावलं होतं, "सांडू नकोस." शेवटी मीच तो हिसकावून बाहेर फेकला.

किती हट्टी पोर, असं आम्ही वर्षानुवर्षं हसत सांगितलं. आज वाटतं, तिला बबूनपेक्षा माझा शब्द मोठा होता. आता मी काहीही सांगितलं की उत्तर ठरलेलं, "आई, आय विल बी फाइन."

चटणीचा डबा मी तिच्या हातात दिला. "सांडू नकोस," एवढंच म्हणाले.

ती हसली, आणि तिने डबा दोन्ही हातांनी छातीशी धरला.