न दिलेले थेंब

मला धाकटीचा हेवा वाटायचा. सरळच सांगते, आढेवेढे कशाला? धाकटी म्हणजे माझी जाऊ, पुलगावची. वर्ध्याला लागून असलेल्या पिपरी मेघेत आमचं एकच घर, आम्ही खाली, ती वर. दोघींची बाळंतपणं तीन आठवड्यांच्या फरकानं झाली. तिला मुलगा, मला मुलगी. तिचा मुलगा नुसता लोण्याचा गोळा. माझ्या पोरीच्या गालांवर दुसऱ्याच महिन्यात लाल चट्टे उठले, मग हातापायांवर पसरले. झोपेतसुद्धा ती गाल उशीला घासायची.

बाळं पाहायला बाया आल्या की त्याला मांडीवर घ्यायच्या आणि हिला लांबूनच पाहायच्या. "हे काय झालं वो पोरीले?" एकीनं तर माझ्या तोंडावर म्हटलं, "पोटुशी असताना वांगे खाल्ले असतीन हिनं." अगं बाई, मी नऊ महिने वांग्याला शिवले नव्हते! आणि धाकटी दोन-दोन वाट्या भरीत खाऊन मोकळी झाली होती. सांगायचं कोणाला?

डॉक्टरीणबाईंनी हे इसब आहे म्हणून सांगितलं. हिला मलम दिलं, आणि दोन्ही बाळांना व्हिटॅमिन डीचे थेंब, रोज एकदा. घरी आल्यावर धाकटी म्हणाली, "ताई, मी दोघायलेही संगच देत जाईन. तुमची लय धावपळ होते."

"देऊ दे तिले," सासूबाई म्हणाल्या. त्यांच्यापुरता विषय मिटला.

माझा मात्र तिळपापड झाला. माझं लेकरू काय हिच्या हातून बरं व्हायचं? ती वर गेल्यावर मी तिच्यामागे गेले, "माझं मी पाहीन," म्हटलं आणि पोरीची बाटली आणून माझ्या कपाटात ठेवली.

रोज सकाळी ती मुलाला तेल लावून गच्चीवर कोवळ्या उन्हात धरायची, दहाच मिनिटं. त्याची कातडी चकचक करायची. धाकटीची खरी करामत उन्हात आहे, असं माझ्या डोक्यात बसलं. डी म्हणजे ऊनच ना, एवढं तर मलाही ठाऊक होतं. मग थेंब कशाला? वर्ध्यात काय ऊन विकत आणावं लागतं? तिची दहा मिनिटं, तर माझा अर्धा तास. तिचं खोबरेल, तर माझं मोहरीचं तेल. वरून डाळीचं पीठ नि हळद चोळायची. मलम बंद केलं, कारण तेलकट अंगावर ते बसेना. फाल्गुन सरत आला होता. पोर रडून लालभडक व्हायची आणि मी म्हणायचे, "थांब ना माय, तुले त्याच्याहून गोरी करते."

तिला बरं करायचं होतं की धाकटीला हरवायचं होतं, हे मी तेव्हा स्वतःला विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर काय आलं असतं, ते मला माहीत आहे.

आठ-दहा दिवसांत चट्ट्यांना पाणी सुटलं. एका सकाळी झबलं कातडीला चिकटलं. काढायला गेले तर ती अशी किंचाळली की धाकटी जिना उतरून धावत आली. तिनं एकदा पाहिलं, आपला मुलगा सासूबाईंच्या मांडीत दिला आणि स्कूटी काढली. माझा नवरा लांब जाम गावी कामावर होता, त्यामुळे मला तिच्याच मागे बसावं लागलं. त्या घाईतही मला वाटलं, हिला गाडीसुद्धा चालवता येते.

डॉक्टरीणबाईंनी सगळं खोदून विचारलं. किती वेळ उन्हात? कोणतं तेल? पीठ कशाला? "चार महिन्यांचं लेकरू भाजता काय?" त्या म्हणाल्या. "थेंब हाडांसाठी आहेत. त्यानं इसब जाईलच असं नाही, पण थेंबांच्या जागी ऊन चालत नाही. थेंब सुरू आहेत ना?"

"हो," मी म्हटलं.

"दाखवा बाटली."

निघताना कपाटातली सगळी औषधं पिशवीत कोंबली होती, त्यातच ती होती, काढली. झाकणावरचं सील जसंच्या तसं. तेवढ्यात मागून धाकटी म्हणाली, "मॅडम, ते माह्याकडं होतं. मीच द्याले विसरली."

मग बाई तिच्यावर कडाडल्या. ती मान खाली घालून ऐकत होती. मला सुटल्यासारखं वाटलं आणि लगेच रागही आला, की चांगुलपणासुद्धा हिच्याच वाट्याला यावा!

घरी पोचलो. ती गाडी लावत होती, मी आधी आत गेले. सासूबाईंनी विचारलं, "काय म्हने डॉक्टर?"

"थेंब दिलेच नव्हते म्हणून चिडल्या."

"काऊन? धाकटी देनार होती ना?"

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं.

"ती विसरली," मी म्हटलं.

धाकटी दारातच उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं, चप्पल काढली. "हो आई, चुकलं माह्यं," म्हणाली आणि मुलाला घेऊन वर गेली.

त्या दिवसापासून मी थेंब चुकवले नाहीत. कोमट पाण्याची अंघोळ, अंग टिपलं की लगेच मलम. पावसाळ्यापर्यंत पोरीचे गाल उजळले. आता ती तीन वर्षांची आहे, थंडीत कधीमधी कोपराला चट्टा येतो, तेवढंच.

पण पाहुणे आले की सासूबाई अजून सांगतात, "आमची धाकटी सगळ्यात हुशार, पन एकडाव तिच्या विसरभोळेपनानं मोठीची पोरगी मरता मरता वाचली." सगळे हसतात, धाकटीही हसते. मी पाहुण्यांना वाढत असते. या घरात तिच्या नावावर एवढी एकच चूक आहे. ती माझी आहे, आणि मला अजून ती परत घ्यावीशी वाटत नाही.