बोट गरम करायचं काम

"पानी तं चांगलं पडतंय साहेब. बगा ना, बाहेर धार कशी हाय! मंग आत थंड का मारतंय ते बगतो मी. तुमी जावा, जेवून घ्या."

"कुंडलिक, संध्याकाळी मालकांच्या आई येतायत. त्यांना बोटीवरच राहायचंय. मी सांगून ठेवलंय, आत हीटिंग आहे म्हणून."

"राहतील की. घाम फुटंल त्यांना. नाय फुटला तर मला बोला."

सुयोग हा त्या रिसॉर्टचा मॅनेजर. तो जेटीवरून निघून गेला आणि कुंडलिक पुन्हा बोटीच्या पोटात शिरला. फळी उचलून आत पालथं पडायचं, तोंडाशी बॅटरी धरायची आणि एका हातानं काम करायचं. माणूस अंगानं वाळलेला, म्हणून मावत होता.

शेणव्याच्या पुढं डोंगराच्या कुशीत एक तळं आहे. त्याच्या काठी कुणा पैसेवाल्यानं रिसॉर्ट बांधला आणि तळ्यात एक बोट आणून सोडली. समुद्रावरची जुनी बोट, रंग फासून नवी केलेली. ट्रेलरवर घालून आणली तेव्हा गावागावांतली माणसं रस्त्याला येऊन उभी होती, लग्नाची वरात बघावी तशी. आत दोन खोल्या, पलंग, आरसे आणि एसी. एसीही समुद्रावरचाच. बोटीखालचं पाणी पंपानं ओढून घेतो आणि खोलीतली उष्णता त्या पाण्यात फेकतो. थंडीत बटण फिरवलं की उलटं करतो, पाण्यातली ऊब काढून खोलीत सोडतो. आमच्याकडं पौषात पहाटेला अंगणातली बादली हातानं धरवत नाही, म्हणून त्या बटणाला किंमत.

कुंडलिक शेणव्याजवळच्या एका वाडीतला. बापाची भातखाचरं होती, ती त्यानं सोडली नाहीत, पण पोट वाशिंदला एसी-फ्रीजच्या दुकानात भरलं. रोज मोटरसायकलनं जायचा, रोज यायचा. कमरेत पाना आणि डोक्याला माकडटोपी. कुणाच्या घरी फ्रीज दुरुस्त करायला गेला तर आधी मागं हात घालून पाल आहे का बघायचा, मग घरातल्यांना नमस्कार करायचा. बोलायला फटकळ. एका बाईनं विचारलं, "दादा, किती दिवस टिकेल?" तर म्हणाला, "तुमी दार उघडं ठेवून मटार शोधत बसता, तो काय करील?"

या रिसॉर्टच्या सगळ्या खोल्यांच्या एसींची वर्षभराची देखभाल त्याला मिळणार होती. सुयोगनं तसं बोलून दाखवलं होतं: बोटीचं एकदा नीट झालं, मालकांच्या आई खूश होऊन गेल्या, की कागद करू. कुंडलिकनं त्या बोलण्यावर वाशिंदच्या दुकानात सांगूनही टाकलं, की आता मी येत नाही. घरापासून हाकेच्या अंतरावर काम, दुपारी घरची भाकरी, भाताच्या दिवसात शेतावर नजर. त्याची बायको नम्रता हिनं शेजारणींना सांगून ठेवलं होतं, "आता ते हितंच हायेत गो."

तर तो बोटीच्या पोटात पालथा पडला होता. आधी पाण्याची जाळी काढून धुतली. तिच्यात तळ्यातलं शेवाळ आणि एक मेलेला खेकडा निघाला. बटण गरमवर फिरवलं. पंखा फिरतोय, कॉम्प्रेसर घुमतोय, हवा मात्र बर्फ. मग तो वर आला, बोटीच्या बाजूला ओणवा झाला आणि बाहेर पडणाऱ्या पाण्याच्या धारेत त्यानं तळवा धरला. पाणी कोमट होतं.

तिथंच त्याचं डोकं अडलं. मशीन गरमी करत असेल तर बाहेरचं पाणी गार लागायला पाहिजे, कारण त्याची ऊब आत गेलेली असते. पाणी कोमट येतंय म्हणजे मशीन अजून थंडीच करतंय. बटण काहीही सांगो.

थंडीचं गरम करायचं काम एक वॉल, म्हणजे व्हॉल्व्ह करतो. चार नळ्या जोडलेला तांब्या-पितळेचा ठोकळा, त्यावर विजेची कॉइल. कॉइलला करंट मिळाला की वॉल आतल्या आत सरकतो आणि गॅस उलट्या वाटेनं फिरतो. कुंडलिकनं कॉइलपाशी पेचकस नेला, तो लोहचुंबकाला चिकटावा तसा चिकटला. बटण बंद-चालू केलं तर टिक, टिक असा आवाजही आला. म्हणजे करंट आहे, कॉइल जिवंत आहे. आतला भाग अडकला असेल म्हणून त्यानं हातोडीच्या लाकडी दांड्यानं हळू हळू ठोकलं. पुन्हा टिक. हवा तशीच गार.

आता नळ्यांना हात लावून बघायचं राहिलं. नळ्यांवर काळा फोम होता, चांगला चिकटपट्टीनं गुंडाळलेला. तो फाडायला त्याचा हात जाईना. कारण ते काम शेखरचं होतं.

हे समजायला आमच्याकडची सावड समजायला पाहिजे. आज मी तुझ्या खाचरात भाताची आवणी करतो, उद्या तू माझ्या. पैसा नाही, फक्त पाळी. त्यात एक रीत अशी, की सावडीतल्या गड्यानं लावलेल्या ओळीकडं मागं वळून बघायचं नाही. रोप सरळ लागलं की वाकडं, खोल लागलं की वर, ते बघणं म्हणजे त्याच्या तोंडावर थुंकणं. जुनी माणसं अशा बघणाऱ्याला बांधावरून हुसकून लावायची. कुंडलिक आणि शेखर यांची सावड बापापासूनची. दोघं एकाच वाडीतले, दोघं एसीचं काम एकत्रच शिकलेले. पुढं शेखर पोरंबाळं आणि शेती वाडीत ठेवून मुंबईला बोटींच्या कामात गेला, कुंडलिक वाशिंदला राहिला. पण वायर आणि नळीच्या कामातही त्यांनी तीच रीत चालवली. एकानं बंद केलेलं दुसरा उघडायचा नाही.

ही बोट मुंबईला होती तेव्हा तिचा एसी शेखरच बघायचा. विकत घेताना रिसॉर्टवाल्यांनी त्यालाच विचारलं होतं. दिवाळीनंतर बोट तळ्यात सोडली त्या दिवशी जेटीवर तिघं उभे होते, सुयोग, शेखर आणि कुंडलिक. सुयोग म्हणाला, थंडी येतेय, हीटिंग एकदा चालवून बघू या का? शेखर म्हणाला, चालू हाय ते. आणि कुंडलिक, ज्याला कुणी विचारलं नव्हतं, तो छाती काढून पुढं झाला. "शेखर बोलला ना? मंग उघडायचं काम नाय. त्याचं काम ते माझं काम. काय झालं तर मला धरा." सुयोगनं मान हलवली. शेखर जेटीच्या दोराकडं बघत होता. मग दोघं टपरीवर गेले, च्या घेतला, शेखरनं दोनदा घेतला.

आता कुंडलिकनं पट्टी सोडवली आणि फोम बाजूला केला.

वॉल तिथं होता. पण त्याला येणाऱ्या चारही नळ्या कापलेल्या होत्या, त्यांची तोंडं दाबून बंद केलेली. मागच्या बाजूनं मुख्य नळ्या सरळ एकमेकींना जोडून झाळलेल्या. गॅस त्या वॉलकडं फिरकतही नव्हता. मेलेल्या माणसाच्या मनगटावर घड्याळ चालत राहावं तसा तो नुसता टिकटिकत होता. ही मशीन थंडीशिवाय काही करूच शकत नव्हती.

फोम तसाच सोडून तो बाहेर सरकला. मग वर येऊन जेटीवर बसला आणि फोन लावला.

"शेखर, वॉल कापलास तू?"

पलीकडून ग्राइंडरचा आवाज येत होता. तो बंद झाला. "कोन बोललं?"

"कोन बोलायला कशाला पायजे? उघडून बसलोय."

"तू उघडलंस?" शेखरला त्याचंच जास्त लागलं. "अरे तवा लीक होता तो. जुनी मशीन, माल मिळत नव्हता. गिऱ्हाईक डोक्यावर बसलेला. मुंबईत हीटर कोन लावतो, सांग मला? सरळ जोडला, काम झालं."

"काम झालं तं कॉइल कशाला ठेवलीस वर?"

"ठेवली अशीच."

"अशीच नाय रे. टिक वाजावं म्हनून ठेवलीस."

पलीकडं ग्राइंडर पुन्हा क्षणभर घरघरला.

"बरं, ते मुंबईच्या मानसाला फसवलंस, फसव. दिवाळीनंतर मी हितं शब्द देत होतो तवा तू माझ्या खांद्याला खांदा लावून हुबा होतास. तवा काय तोंडात मिठाची गुळणी धरली होतीस?"

"तू एवढ्या ताठ्यात बोलून टाकलंस, कुंडल्या. मी मधी बोललो असतो तं तुझं तोंड पडलं असतं."

"माझं का तुझं?"

"ऐक ना. साहेबाला सांग, आजच जळाला वॉल. मी कुठनं तरी शोधून आनतो, दोघं मिळून बसवू. कोनाला कळनार हाय? फक्त माझं नाव काढू नको. मालक अजून एक बोट घेतोय, तिचं काम मला देतो बोललाय."

कुंडलिकनं फोन ठेवला नाही, नुसता कानावरून काढला आणि मांडीवर ठेवला. शेखर त्यात बोलतच होता. तळ्यात एक पाणकोंबडी बुडी मारून वर येत होती, तिच्याकडं तो बघत बसला. जळाला म्हणून सांगितलं असतं तर काम वाचलं असतं. सुयोगला वॉल ओळखू आला नसता, आणि ते कुंडलिकला चांगलं ठाऊक होतं.

सुयोग जेवून आला तेव्हा कुंडलिकनं त्याला बोटीत उतरवलं आणि कापलेल्या नळ्या दाखवल्या.

"गरम व्हनार नाय साहेब. आज नाय झालं असं नाय, ती कवाच व्हनारी नव्हती. शेखरनं मुंबईलाच तोडून ठेवलंय."

सुयोगनं बॅटरी हातात घेऊन एकेक नळी बघितली. "तुम्हाला कधी कळलं?"

"आत्ता."

"आत्ता?" सुयोग वर येऊन हात पुसायला लागला. माणूस वाईट नव्हता. वैतागला होता. "कुंडलिक, मी त्या दिवशी चालवून बघू म्हणालो होतो. तुम्ही नको म्हणालात. त्याचं काम ते माझं काम, असं तुम्हीच म्हणालात. आता मी मालकांना काय सांगू? एकानं फसवलं आणि दुसऱ्याला माहीत नव्हतं? तुम्ही दोघं एका वाडीतले."

"एका वाडीतले," कुंडलिक म्हणाला.   सुयोगचं खरं होतं.

मालकांच्या आईंना काठावरच्या खोलीत उतरवायचं ठरलं, विजेची शेगडी लावून. एसींची देखभाल कल्याणच्या माणसांना द्यायची, हेही सुयोगनं तिथंच सांगितलं, उगीच लांबवलं नाही. शेखरची दुसरी बोटही गेली असणार. पण त्याचा कुंडलिकला आनंद झाला असं त्याच्या तोंडावर दिसलं नाही. त्यानं फोम पुन्हा गुंडाळला, फळी बसवली, हत्यारं पिशवीत टाकली.

घरी आल्यावर नम्रतानं विचारलं, "झाली का गरम?"

"झाली ना. मी झालो."

मग सगळं सांगितलं. ती चुलीपुढं बसून ऐकत होती. शेवटी एवढंच म्हणाली, "वाशिंदला जाऊन बोला शेठशी. लाज नका धरू." त्यानं मान डोलावली. पुढं शेखरचं नाव निघालं तशी ती भाकरी थापायला लागली. त्याची पोरं तिच्या हातची खाऊन वाढलेली.

दुसऱ्या दिवशी खळ्यावर झोडणी होती. कुंडलिकनं आदल्या आठवड्यात शेखरचं भात झोडून दिलेलं, आता शेखरची पाळी. ऊन अंगणात यायच्या आत शेखर आला, मुंबईहून रात्रीच्या गाडीनं. डोक्याला फडकं बांधलेलं, जसा दरवर्षी येतो तसा. कुंडलिकची आई भिमा शेकोटीला बसली होती, तिला यातलं काही माहीत नव्हतं.

"भिमाआई, च्या हाय का गो?"

"बस बाला. टाकते."

कुंडलिकनं हातातली पेंढी फळीवर ठेवली. "च्या नको टाकूस आये. तो चाललाय."

"मी आलोय पाळीला," शेखर म्हणाला.

"पाळी नको मला. मी तुझ्याकडं केली ती तुला ऱ्हाऊ दे."

हे ऐकून भिमा उठून उभी राहिली. पाळी सोडून देणं म्हणजे सावड मोडणं, हे तिला कुणी सांगायला नको होतं. "आरं, येडा झालास का? दारात आलेल्या गड्याला कोनी परत लावतं का?"

"तू गप गो."

शेखर जवळ आला, आवाज खाली घेतला. "एका वॉलपायी, कुंडल्या? बापांची सावड हाय."

"वॉलपायी नाय. वॉल तू मुंबईत कापलास, तवा मी तुझ्या ध्यानात पन नव्हतो. पन त्या दिवशी जेटीवरून उतरून माझ्याबरोबर च्या पिलास ना तू? दोनदा पिलास. माझ्याशी हसत बोलत व्हतास, तुझ्या धाकटीच्या बारशाचं बोलत व्हतास. आनि तुला ठाव व्हतं, हा उद्या तोंडावर आपटनार हाय."

"मी सांगनार व्हतो."

"कवा?"

शेखरनं फडकं सोडून खांद्यावर टाकलं. भिमाकडं बघितलं आणि तिच्या पाया पडल्यासारखा वाकला, पण पडला नाही. बांधाच्या वाटेनं निघून गेला. भिमा त्याच्या पाठीमागं दोन पावलं गेली आणि मग मुलाकडं वळून म्हणाली, "आता झोडनार कोन, तुझा बाप?"

"झोडतो मीच."

"सगलं?"

"होईल तेवढं."

नम्रता आतून आली, पदर खोचला आणि शेखर जिथं उभा राहायचा तिथं उभी राहिली. कुंडलिकनं पेंढी उचलली, फळीवर आपटली. दाणे उडाले. तिनंही आपटली. ऊन खळ्यावर उतरलं तेव्हा दोघांच्या अंगावर भुसा चिकटला होता, आणि भाऱ्यांची रास अजून होती तेवढीच दिसत होती. त्यानं पाण्याचा तांब्या तोंडाला लावला, उरलेलं तिला दिलं आणि पुढचा भारा ओढून घेतला.