डब्याची निवड

आमचे हे कनिष्ठ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवायचे. नव्वदच्या दशकातली गोष्ट. पनवेलला कॉलनीत आम्ही पहिल्या मजल्यावर राहत होतो. एक दिवस ते एका सहकाऱ्याची जुनी मोटरसायकल घेऊन आले. बटण दाबलं की चालू होणारी. किकची दांडी मूळ मालकाकडेच मोडली होती, पण त्याचं यांना काहीच वाटलं नाही. ‘‘किक म्हणजे मागासलेपण,’’ असं ते जिन्यात भेटेल त्याला सांगत.

महिनाभरात बॅटरी बसायला लागली. संध्याकाळी ठीक, सकाळी मेलेली. बटण दाबलं की आतून नुसतं ‘टक्’ व्हायचं. मग हे गाडीवर बसायचे, सेकंड गिअर टाकायचे आणि मी ढकलायची. मलाही ऑफिस होतं, मीही साडी नेसून, डबा भरून निघालेली असायची. पण शास्त्र यांच्याकडे असल्यामुळे ताकद माझ्याकडे आली. गाडी सुरू झाली की ते मागे न बघता निघून जात. मी पदर झटकून स्टँडकडे चालू लागायची.

‘‘नवी बॅटरी घ्या ना,’’ मी म्हटलं.

‘‘बॅटरी चांगली आहे. फक्त थकते.’’

माझ्या थकण्याचा विषय निघाला नाही. पण एकदा त्यांच्या दोन विद्यार्थ्यांनी मला गाडी ढकलताना पाहिलं, आणि त्याच रविवारी आम्ही बॅटरीच्या दुकानात होतो.

नवी बॅटरी यांना नकोच होती, म्हणून दुकानदाराने दोन गोष्टी पुढे ठेवल्या. एक, केबलची जोडी. चार चिमटे, दोन लाल, दोन काळे. दुसऱ्या कुणाच्या गाडीच्या बॅटरीला जोडायची आणि आपली चालू करून घ्यायची. दुसरी वस्तू त्याने स्वतः बनवलेली होती. पत्र्याचा डबा, आत बॅटरी, वर मूठ, बाजूला दोन वायरी.

‘‘पोर्टेबल आहे साहेब. कुठेही घेऊन जा. कुणाची मिन्नत नको.’’

पोर्टेबल डबा मी उचलून पाहिला. भरलेला गॅस सिलिंडर थोडा हलका असावा.

‘‘हा चार्ज कशावर करायचा?’’ मी विचारलं.

दुकानदार यांच्याकडे बघून म्हणाला, ‘‘साहेबांना माहीत आहे.’’

‘‘अगं, ते नंतर बघू,’’ साहेब म्हणाले. ‘‘केबल म्हणजे लोकांपुढे हात पसरणं. आपण स्वावलंबी माणसं.’’

स्वावलंबन रिक्षातून घरी आलं. दिवाणखान्यात टीव्हीशेजारी त्याला जागा मिळाली. येणाऱ्याला चहाआधी डबा दाखवला जाई. करंट, व्होल्टेज, अंतर्गत रोध, सगळं समजावलं जाई. आठ दिवस त्याने खरंच काम केलं. मग ‘टक्’ हा आवाजही येईना. पण डब्याला चार्जर लागतो ही गोष्ट अंतर्गत रोधाच्या मानाने किरकोळ होती. चार-पाच दिवस मी पुन्हा ढकलत होते आणि डबा टीव्हीशेजारी आराम करत होता.

मग यांना उरणच्या कॉलेजात प्रात्यक्षिक परीक्षेला परीक्षक म्हणून जायचं होतं. विषय, वीज. त्या सकाळी नेमकी माझी पाठ धरली होती. ढकलणार कोण? हे डबा खाली घेऊन गेले, वायरी लावल्या, बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. मग वर खिडकीकडे बघून ओरडले, ‘‘तू चार्ज केला नाहीस?’’

सगळ्या कॉलनीने ऐकलं. मी जिना उतरून खाली गेले ती काहीतरी बोलायलाच. पण तळमजल्यावरचे भाऊ आधीच तिथे पोचले होते. मूळचे ओवे गावचे, शेती संपादनात गेल्यावर इथे राहायला आलेले. त्यांची जीप समोरच उभी होती. त्यांनी डब्याला हात लावून पाहिलं.

‘‘मास्तर, तुमचा डबा बी आजारी हाय. केबल हाय का? माझ्या जीपवरून लावू.’’

‘‘केबल... आम्ही घेतली नाही.’’

‘‘मंग नाय व्हायचं.’’

परीक्षक रिक्षाने एसटी स्टँडला गेले. मी ऑफिसला न जाता त्याच दुकानात गेले.

‘‘मॅडम, साहेबांना पाठवा,’’ दुकानदार म्हणाला.

‘‘साहेब परीक्षा घेतायत. केबल दाखवा.’’

त्याने एक जाडजूड जोडी काढली. मी म्हटलं, टोक सोलून दाखवा. वर करंगळीएवढं रबर आणि आत तांबं सुतळीएवढंही नाही. तशा तीन जोड्या परत केल्यावर चौथी त्याने न सांगता आतून आणली. तांबं भरपूर, चिमट्यांच्या स्प्रिंगा घट्ट. आमच्या जिन्यापासून जीप लावायच्या जागेपर्यंतचं अंतर मी निघताना पावलांनी मोजलं होतं; ती तेवढी पुरत होती. कुठला चिमटा कुठे, तेही त्याच्याकडून दोनदा वदवून घेतलं. दुसऱ्यांदा सांगताना तो माझ्याकडे बघत होता.

संध्याकाळी भाऊंनी जीप उभी करून बंद केली. लाल चिमटे दोन्ही बॅटऱ्यांच्या प्लसला. काळा एक जीपच्या मायनसला, दुसरा मोटरसायकलच्या इंजिनच्या उघड्या लोखंडाला. बटण मीच दाबलं. गाडी पहिल्या झटक्यात चालू झाली.

‘‘वहिनी, तुमीच जावा कॉलेजात शिकवाया,’’ भाऊ म्हणाले.

हे तेवढ्यात उरणहून परतले होते. हातात बॅग, शर्टावर एसटीची धूळ. ‘‘तत्त्व तेच आहे,’’ म्हणाले आणि वर गेले.

पुढच्या रविवारी जिन्याखाली पाच-सहा पुरुष जमले होते. हे केबल हातात घेऊन तत्त्व समजावत होते. मी वर भाकरी थापत होते. कुणीतरी विचारलं, ‘‘सर, शेवटचा काळा कुठे लावायचा?’’ मग माझ्या नावाने हाक आली. आणखी एक आली.

तव्यावरची भाकरी भाजून, टोपलीत ठेवून, गॅस बंद करून मी खाली गेले.