दहा गिअरची सायकल
चेनचं काळं ऑइल हाताला लागलं की मला मुलुंडची ती सायकल रेस आठवते. मडगार्ड, कॅरिअर, स्टँड सगळं काढून मी वडिलांची जुनी सायकल हलकी केली होती, आणि माझा मित्र आला तो मस्कतच्या मामाने पाठवलेली दहा गिअरची सायकल घेऊन! माझा नुसता जळफळाट झाला. तो छातीवर लावायचा नंबर आणायला गेला, तेवढ्यात मी त्याच्या उभ्या सायकलचे गिअर खटाखट बदलून ठेवले. शिट्टी वाजली, त्याने पेडल मारलं आणि चेन उतरली. मी पहिला आलो. तो सगळ्यात शेवटी पोहोचला आणि काळ्याकुट्ट हातांनी माझा हात दाबत म्हणाला, "झकास चालवलीस यार!" कप माझ्याकडे होता, तरी जळत मीच होतो. अजून जळतो.