रुमालात गुंडाळलेला पंप

तारीख १४ ऑक्टोबर २००३, मंगळवार. दिवाळी पुढच्या आठवड्यात. रक्कम एकशे दहा रुपये. जागा नाशिकच्या इंदिरानगरमधल्या एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावरचं स्वयंपाकघर. हजर माणसं चार. वहिनी, म्हणजे मी जिथे पोळ्या करायचे त्या घरच्या मालकीण. त्यांची नववीतली मुलगी चिनू. समोरच्या फ्लॅटमधल्या काकू, विरजण मागायला आलेल्या आणि मग तमाशा बघायला थांबलेल्या. आणि मी.

वहिनींनी माझी रेक्झिनची पिशवी ओट्यावर उलटी केली. आधी डबा पडला. मग कंगवा, बसचे सुटे पैसे, धाकट्याच्या चपलेसाठी घेतलेला त्याच्या पायाच्या मापाचा दोरा. शेवटी रुमाल. रुमालाची गाठ वहिनींनीच सोडली.

आत निळा पंप होता. दम्याचा. तोंडात धरून ओढायचा.

वहिनींनी चटकन त्याच्यावर हात ठेवला. काकूंना दिसू नये म्हणून.

"सापडली," त्या म्हणाल्या.

"काय गं? काय होतं?" काकूंनी मान लांब केली.

"होती एक वस्तू. चिनूची."

"बघ. मी म्हणत नव्हते? ह्या लोकांना घरात मोकळं सोडायचंच नाही."

पंप माझा होता. माझ्या पैशांनी घेतलेला. एक वाक्य पुरलं असतं. वहिनी, हा माझा आहे, मला दमा आहे. तेवढं वाक्य तोंडातून निघालं नाही. मी म्हणाले, "चुकलं, वहिनी."

दमेकरी म्हणवून घेण्यापेक्षा चोर म्हणवून घेणं मला सोपं वाटलं. हे आज लिहितानाही मान खाली जाते.

चिनू फ्रिजला टेकून उभी होती. तिने माझ्याकडे बघितलं आणि मग फरशीकडे.

वहिनी म्हणाल्या, "पोलिसांत जात नाही. पण एकशे दहा रुपये पगारातून कापणार. शिक्षा म्हणून. आणि माळा साफ करायचा राहिलाय, तो तू करून दे. एवढं तरी कर."

मी हो म्हणाले. पंप त्यांच्याकडेच राहिला.

आमचं गाव पेठ तालुक्यात, डोंगरात. भात आणि नागली. झोपडीत चूल, चुलीला ओली लाकडं, धूर जायला कौलांमधली फट. आजोबांना दमा होता. त्यांची ताटली वेगळी, घोंगडी वेगळी, जागा ओसरीच्या कोपऱ्यात. क्षय आणि दमा आमच्याकडे एकच. जवळ जायचं नाही, उष्टं खायचं नाही. आजोबा गेले तेव्हा त्यांची घोंगडी जाळली, ताटली ओढ्यात फेकली. मी लहान होते. ताटली गटांगळ्या खात जाताना मी बघितली आहे.

लग्न करून नाशिकला आले. नवरा अंबडच्या कंपनीत माल चढवायला. दुसऱ्या बाळंतपणानंतर माझी छाती वाजायला लागली. पहाटे बसून राहायचं, खांदे वर ओढून. सासूबाई शेजारणीला म्हणाल्या, "दमेकरीन पदरात पडली आमच्या." मी आत होते. ऐकू येईल असंच त्या बोलल्या होत्या.

गल्लीतला डॉक्टर सुई द्यायचा, गोळ्या द्यायचा. दोन दिवस बरं, पुन्हा तेच. शेवटी त्याने पंप लिहून दिला. नवरा वाईट माणूस नाही, पण चिठ्ठी बघून त्याचा चेहरा उतरला.

"पंप म्हंजी शेवटचं झालं," तो म्हणाला. "सवय लागली का सुटत नाय. लयच अडलं तर घे."

म्हणून लयच अडलं तरच घ्यायचे. तेही लपून. मेडिकलवाला वर्तमानपत्रात गुंडाळून द्यायचा, मी रुमालात गाठ मारून ठेवायचे. कामावर छाती भरली की वहिनींच्या बाथरूममध्ये जायचं, नळ सोडायचा, पंप तोंडात धरायचा, दाबायचा, लगेच काढायचा. खोकला आला तर बाहेर कळेल म्हणून श्वासही धड ओढायचा नाही. जीभ कडू व्हायची. छातीत काही फरक नाही. मग पुन्हा दाबायचा. पुन्हा. हात थरथरायला लागायचे आणि पोळी एका बाजूला जाड व्हायची.

"लक्ष कुठंय तुझं?" वहिनी म्हणायच्या. "ही पोळी आहे का भाकरी?"

त्याच बाथरूममध्ये चिनूसुद्धा जायची. तिलाही तसाच निळा पंप होता, लोकरीच्या पिशवीत, फ्रिजवर डब्यांच्या मागे. त्या मंगळवारी तो जागेवर सापडत नव्हता. "आत जाऊन घे," वहिनी तिला हळू आवाजात सांगायच्या. शाळेत सांगितलेलं, ॲलर्जी आहे. समोरच्या काकूंना सांगितलेलं, सर्दी आहे. मुलीची जात, पुढे लग्न करायचं. एकदा ती बाहेर आली आणि मी आत गेले. नळ सोडला, पंप दाबला. बाहेर आले तर ती दारातच उभी. आवाज तिने ओळखला होता. तो आवाज ज्याला माहीत त्याला माहीत. तिने मला वाट दिली. मी पोळ्यांकडे वळले.

म्हणजे त्या मंगळवारी स्वयंपाकघरात चौघींपैकी दोघींना माहीत होतं की पंप माझा आहे. आणि दोघी गप्प होत्या.

वस्तूचं नाव कुणीच घेतलं नाही. वहिनींना मुलीचा दमा लपवायचा होता, मला माझा. नाव नसलेली वस्तू मग इमारतीत फिरायला लागली. गुरुवारी ती चांदीची झाली. शनिवारी पहिल्या मजल्यावरच्या बाईंनी मला दारातच थांबवलं.

"उद्यापासून येऊ नकोस. सोन्याचं कानातलं उचललंस म्हणे?"

"नाही हो, ताई."

"मग काय उचललंस?"

मी जिन्याच्या कठड्याकडे बघत राहिले. त्याच संध्याकाळी तिसऱ्या मजल्यावरचं कामही गेलं. तीन घरांवर माझा संसार चालायचा. त्यातलं एक उरलं, ते चोर म्हणणाऱ्यांचं. वहिनी सगळ्यांना सांगत होत्या, "मी मोठ्या मनाने ठेवलंय तिला." दिवाळीच्या तोंडावर दुसरी बाई मिळत नाही, हे त्या सांगत नव्हत्या.

सोमवारी माळा साफ केला. जुन्या गाद्या, रद्दी, कुलरच्या वाळ्याच्या ताट्या. झाडू मारला की धूळ तोंडावरच यायची. अर्ध्या तासात छाती बंद झाली. रुमाल चाचपला. रुमालात काही नव्हतं. माझा पंप फ्रिजवर होता, चिनूच्या लोकरीच्या पिशवीत. शिडीवरून उतरले, वहिनी फोनवर होत्या, त्यांच्यासमोरून गेले. पंप द्या म्हटलं नाही. तेव्हाही नाही. जीव जातोय आणि मला लाज वाटतेय.

खाली वॉचमनच्या स्टुलावर बसले. बोलता येईना. वॉचमनने माझ्या ओठांकडे बघितलं आणि रिक्षा थांबवली.

सरकारी दवाखान्यात नाकातोंडावर मास्क लावून मशीनची वाफ दिली. संध्याकाळी बोलता यायला लागलं. नवरा पायाशी बसलेला. एक डॉक्टरीणबाई आली, वयाने माझ्या धाकट्या बहिणीएवढी.

"पंप नाही का तुमच्याकडे?"

"होता."

"कसा घ्यायचात? दाखवा."

तिने नवा पंप हातात दिला. वॉर्डात वीसेक बायका, त्यांचे नातेवाईक, चहावाला. मी भिंतीकडे वळले आणि नेहमीसारखा दाबला.

"भिंतीला नाही," ती म्हणाली. "मला दाखवा."

मी वळले. दाखवलं. तिने कपाळाला हात लावला.

"मावशी, सगळं औषध जिभेवर. छातीत थेंब नाही. किती दिवस असं घेताय?"

"दोन वर्षं."

मग तिने शिकवलं. पंप हलवायचा. आधी श्वास पूर्ण बाहेर सोडायचा. ओठ घट्ट. दाबताना हळू, लांब आत ओढायचं. मग श्वास रोखून मनात दहा मोजायचे. तिने हाताची मूठ हळूहळू मिटून दाखवली. छातीतल्या नळ्या अशा आवळतात, म्हणाली, आतून सुजतात. निळा पंप आवळलेली नळी तेवढ्यापुरती मोकळी करतो. सूज त्याने जात नाही. सुजेसाठी तपकिरी पंप, तो रोज, बरं वाटत असलं तरी, आणि घेतल्यावर चूळ भरायची.

नवऱ्याने विचारलं, "सवय नाय लागायची ना, बाई?"

"सवय लागत नाही. आणि तुम्ही अडल्याशिवाय घेऊ दिला नाहीत, म्हणून अडलं."

"आन पोरांना? त्यांना लागायचा नाय ना हा?"

"बरोबर जेवल्याने, ताटलीने, हाताने लागत नाही. हा क्षय नाही."

ताटलीने लागत नाही. मला ओढा दिसला.

मी पुन्हा पंप घेतला. सगळ्यांसमोर. हळू ओढला. दहा मोजले. थोड्या वेळाने छाती आतून सैल झाली. पहिल्यांदा. चहावाला बघत होता. बघू दे म्हटलं. पण रडू आलं ते बरं वाटल्याचं नव्हतं. दोन वर्षं औषध हातात असून मी ते छातीत जाऊ दिलं नव्हतं. आणि गेल्या मंगळवारी त्याच लाजेपायी चोर झाले होते. कुणी जबरदस्ती केली नव्हती. शब्द माझे होते. चुकलं, वहिनी.

निळा पंप दवाखान्यातून मिळाला. तपकिरी बाहेरून घ्यायला सांगितला. दिवाळीचे दिवस, नवऱ्याचा खिसा रिकामा. तो राहिला.

भाऊबीज झाली, त्याच्या पुढच्या गुरुवारी कामावर गेले. वहिनींकडे फराळाला बायका आल्या होत्या. समोरच्या काकू, पहिल्या आणि तिसऱ्या मजल्यावरच्या दोघी. मी चकल्या तळत होते, तेलाचा धूर कोंडला होता. ताटल्या घेऊन बाहेर गेले तर सगळ्या गप्प झाल्या.

वहिनी म्हणाल्या, "राहू दे, राहू दे. माणसाकडून चूक होते. मी काही मनात ठेवलं नाही."

"तुझंच मन मोठं," काकू म्हणाल्या. "मी असते तर उभी केली नसती."

मी ताटल्या टेबलावर ठेवल्या.

"वहिनी, वस्तू काय होती ते सांगा."

"अगं, आता कशाला? सणासुदीचं?"

"सांगा. ह्या बायकांनी त्याचं कानातलं केलंय."

वहिनींचा चेहरा पांढरा पडला. त्या चिनूच्या खोलीच्या दाराकडे बघत होत्या. त्यांची भीती मला कळत होती. चिनूचं नाव मी घेणार नव्हते. मला माझंच सांगायचं होतं.

कमरेचा पंप काढला. रुमाल नव्हता. हलवला, श्वास सोडला, ओढला. दहा मोजेपर्यंत हॉलमध्ये कुणी हललं नाही.

"मला दमा आहे," मी म्हणाले. "पिशवीत सापडला तो असाच पंप. माझा. मी चोरी केली नाही. मी खोटं बोलले, कारण मला लाज वाटली."

"अगंबाई!" काकू उठल्याच. हातातली चकली त्यांनी ताटलीत परत टाकली. "दमा? आणि ही सगळ्यांच्या पोळ्या करते?"

"पोळीने दमा लागत नाही, काकू."

वहिनी पटकन म्हणाल्या, "तुझा होता, मग आमच्या चिनूचा गेला कुठे?"

बोलून गेल्या. काकू हळूच खाली बसल्या. "चिनूला दमा आहे?"

"ॲलर्जी! ॲलर्जी आहे तिला. हिला दमा आहे."

आतून चिनू आली. तिच्या हातात दोन पंप होते.

"आई, माझा क्लासच्या दप्तरात होता. दुसऱ्याच दिवशी सापडला." "हा मावशींचा. मी सांगणार होते. तू म्हणाली होतीस, पंपाचं कुणाला बोलायचं नाही."

तिने माझा पंप माझ्या हातात ठेवला. मी तो कमरेला खोचला. तिला माफ करणारी मी कोण? मी तिच्या वयाची नव्हते, आणि तिच्यासारखीच गप्प बसले होते.

वहिनी आत गेल्या. पर्स घेऊन आल्या. शंभराची एक, दहाची एक. ताटलीत लाडवांशेजारी ठेवल्या.

"घे. झालं ना? उद्या जरा लवकर ये."

चुकलं म्हणाल्या नाहीत. ते माझ्यासारख्यांनी म्हणायचं असतं.

"उद्यापासून येणार नाही," मी म्हणाले. नोटा घेतल्या. लाडू तिथेच राहू दिला.

गेलेली दोन कामं परत मिळाली नाहीत. आधी चोर नको होती, आता दमेकरीण नको. त्या दोघींनी मला ते तोंडावर सांगितलं. मीही त्यांना तोंडावर सांगितलं, की पुढच्या घरी पहिल्या दिवशीच सांगेन मला दमा आहे म्हणून. ज्यांना चालेल त्यांनी पोळ्या खाव्यात. पण पंपासाठी मी पुन्हा कुणाच्या बाथरूमचा नळ सोडणार नाही.

त्या गुरुवारीच घरी जाताना मेडिकलमध्ये गेले. संध्याकाळची गर्दी होती, ओळखीची दोन माणसंही होती. चिठ्ठी काढली नाही. मोठ्याने म्हणाले, "दम्याचा पंप द्या. रोज घ्यायचा, तपकिरी."

एकशे ऐंशी रुपये झाले. एकशे दहा ते परत आलेले, वर सत्तर. मेडिकलवाल्याला रोख दिले. त्याने सवयीने वर्तमानपत्र ओढलं आणि गुंडाळायला घेतलं.

म्हटलं, "कागद नको. तसाच द्या."