वरचं नितळ पाणी

शालनताई ओव्हाळांना सकाळी नमस्कार केला, तर उत्तर यायचं, "आधी हात धुवा." शनिवार पेठेतून स्कूटरवर प्रयोगशाळेत यायच्या. पुण्यात समुद्र कुठला, असं कुणी विचारलं की म्हणायच्या, "काचेत."

खोटं नव्हतं ते. तरुणपणी लक्षद्वीपहून त्यांनी प्रवाळाच्या पोटात राहणारं शेवाळ आणलं होतं. हे शेवाळ प्रवाळाला भरवतं. ते गेलं की प्रवाळ पांढरं पडतं आणि उपाशी मरतं. मागाहून तिथला समुद्र तापला आणि जवळजवळ सगळं मेलं. ते शेवाळ उरलं फक्त ताईंच्या फ्लास्कमध्ये. त्यांनी लग्न केलं नाही, सुट्टी घेतली नाही, ते जगवलं.

यंदा तिथल्याच एका वाचलेल्या प्रवाळाची पिल्लं विमानाने आली. पांढरी, भुकेली. दुसरं कुठलंच शेवाळ ती घेईनात. ताईंनी आपलं शेवाळ टाकीत सोडलं. पिल्लांनी ते गिळलं आणि सकाळपर्यंत थुंकून टाकलं. पुन्हा दिलं, पुन्हा तेच.

मी ताईंची सहायक; मी शेवाळ तपासलं. पेशीच्या भिंतीवर जी प्रथिनं असतात, त्यांच्यावरूनच प्रवाळ आपलं शेवाळ ओळखतं. ती प्रथिनं नव्हतीच!

कारण आमच्या शिस्तीत होतं. जुन्या फ्लास्कमधून नव्यात शेवाळ नेताना फ्लास्क हलवायचा नाही, वरचं नितळ पाणी घ्यायचं, तळाचा चिकट थर ब्लीचने धुऊन टाकायचा. ताईंचाच नियम. पण त्या प्रथिनांमुळेच तर पेशी तळाला चिकटते! म्हणजे धडधाकट पेशी इतकी वर्षं मोरीत गेल्या, आणि बोडक्या तेवढ्या वर पोहत राहिल्या. असल्या स्वच्छतेचं काय लोणचं घालायचं? मला रडू येत होतं आणि रागही.

ताईंना सांगितलं. त्यांनी एकेक फ्लास्क उजेडात धरून तळ बघितला. सगळे लख्ख होते.

"ऋतिका, माझ्याच हातांनी गं," एवढंच म्हणाल्या.

दोन दिवसांत पिल्लं विरघळायला लागली. मांडणीवर शेवाळ मात्र जोमाने वाढत होतं, त्याला आता कुणाची गरजच नव्हती. ताईंनी नवा फ्लास्क घेतला आणि नेहमीसारखी वरच्या पाण्यात नळी धरली.

"अहो ताई, आता तरी हलवा ना तो!" मी ओरडले.

"कशाला?" त्या म्हणाल्या. "खाली आहे कोण?"