मामाचा प्रोग्रॅम आणि तळेघरची गाडी

"तुजं मामा गेलं गं…" मामीचा फोन आला तेव्हा मी पुण्यात ऑफिसात होते. धडधाकट माणूस, भातखाचरावर जाऊन आला, चहा मागितला आणि चहा यायच्या आत गेला. महिना होत आला, तरी कॉम्प्युटरवर चुकीची लाल ओळ उमटली की आता त्याचा फोन येईल असं वाटतं.

तळेघरात मामाचं मोबाइल रिचार्जचं दुकान होतं. साठी ओलांडल्यावर या गड्याने व्हिडिओ बघून पायथन शिकायला घेतलं, ते मामीसाठी. तिचे गुडघे गेलेले. उपचारांना मंचरला जायचं, तर एसटीची गाडी यायची आपल्या मर्जीने आणि मामी फाट्यावर ताटकळत उभी. गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मात्र वरच्या वाड्यांतली माणसं इमानेइतबारे कळवायची, "गाडी निघाली." त्या साऱ्या मेसेजची टेक्स्ट फाइल काढायची आणि प्रोग्रॅमने त्यातून गाडीची वेळ वेचायची, म्हणजे ती खरी कधी येते ते कळेल, असा मामाचा बेत. डोकं होतं हो माणसाला! फक्त प्रोग्रॅम चालत नव्हता.

"पोरी, ह्यो पायथन लई आडमुठा हाय. सुरुवातीलाच आडतोय."

मी फाइल मागवून उघडली आणि हसतच सुटले. प्रत्येक ओळ तारखेने सुरू होणार, असं मामाने धरलं होतं. पण आमची माणसं एकदम कामाचं कशी बोलतील? आधी "राम कृष्ण हरी", मग खालच्या ओळीवर गाडी. तारीख हरिनामाला आणि गाडी बिचारी बिनतारखेची!

"मामा, लोकांना सांग, रामराम नंतर घाला."

"छ्या! प्रोग्रामसाठी मानसांनी रामराम सोडायचा व्हय? त्यालाच शिकव."

मग आम्ही त्याला शिकवलं: ओळीला तारीख नसेल तर ती वरच्या मेसेजला जोडायची. मी फोनवर सांगायचे, मामा एका बोटाने टाइप करायचा आणि पायथनला लागणारी ओळीआधीची मोकळी जागा हटकून विसरायचा, की उमटलीच चुकीची लाल ओळ. चाललं, तेव्हा त्याने दुकानातल्या गिऱ्हाइकांना चहा पाजला. त्यानंतर मामी वेळ बघूनच घराबाहेर पडायची. फार जीव होता माझा त्याच्यावर… आता बोलून काय उपयोग.

तेराव्यानंतर मामी म्हणाली, "मंचरला जायाचंय. गाडी कदी येती, बघून दे बाई." मी मामाच्याच कॉम्प्युटरवर ताजी फाइल घातली. वेळा नेहमीसारख्या तुरळक येत गेल्या आणि एका दिवसावर एकदम दाटल्या. गाड्याच गाड्या, आहुप्याहून, मंचरहून, जुन्नरहून. मामा गेला तो दिवस होता. लोकांनी जीप, टेम्पो, मिळेल ते काढून कळवलं होतं, "गाडी निघाली, आमी येतोय." प्रोग्रॅमला काय कळणार, त्याने साऱ्या वेचल्या. चूकच ती. दुरुस्त करायला गेले, तर मामीने माझा हात धरला.

स्क्रीनवर बोट ठेवून तिने प्रत्येक वेळेपुढचं, मेसेज धाडणाऱ्याचं एकेक नाव वाचलं.

"बघ," ती म्हणाली, "ह्यांना कुनी ताटकळत ठेवलं न्हाई."